प्रसूतीचे भय आणि वैद्याचे कर्तव्य

(आपल्या समाजाच्या वळसंग येथील वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आरोग्याच्या एखाद्या विषयावर चार शब्द बोलावेत अशी आज्ञा आपल्या चिटणीसांनी आम्हांस केली, तेव्हा मधुमेह अथवा रक्तदाब यांपैकी एखादा विषय आम्ही निवडू, अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु चाळीस वर्षे सोलापुरात प्रसूतीचा व्यवसाय केल्यावर, ज्या एका गोष्टीविषयी आमच्या मनाला अजूनही स्वस्थता नाही, तिच्याविषयीच आपल्या माणसांशी बोलावे असे आम्हांस वाटले. ती गोष्ट म्हणजे प्रसूतीचे भय; आणि त्या भयापोटी, वैद्यकीय कारण नसतानाही, "माझे पोट फाडूनच बाळ काढा" अशी गर्भिणीने केलेली याचना. अशा याचनेला वैद्याने काय उत्तर द्यावे, हा आमच्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

काल सायंकाळी एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांस बाजूला घेऊन विचारले, "डॉक्टरसाहेब, हा विषय महिला शाखेच्या सभेत शोभला असता, येथे पुरुषांपुढे कशाला?" त्यांचा मान राखूनही आम्ही येथेच बोलत आहोत. कारण असे की, बाळंतपण स्त्रीचे असले तरी तिने कोठे बाळंत व्हावे, कोणत्या वाहनाने जावे, पैसे किती खर्चावेत हे बहुधा आपण पुरुष ठरवितो. शस्त्रक्रियेच्या कागदावर सहीदेखील बहुधा आपलीच असते. ज्याने सही करावयाची त्याने विषय ऐकू नये, हे न्यायाचे नव्हे.

प्रथम आमच्याच हातून घडलेल्या एका चुकीची हकीकत सांगतो. तिला सुमारे तीस वर्षे लोटली. याच परिसरातील, मागावर पोसलेल्या एका कुटुंबातील मुलगी सोलापुरात दिली होती. पहिलटकरीण. नववा महिना लागला तेव्हा सासूबरोबर आमच्या दवाखान्यात आली. तपासणीत सर्व काही ठाकठीक होते. बाळाचे डोके खाली, रक्त पुरेसे, हाडांचा मार्ग प्रशस्त. आम्ही "सगळे उत्तम आहे" असे म्हणून पुढच्या रुग्णाकडे वळणार, तोच ती हात जोडून म्हणाली, "साहेब, माझं पोट फाडा, पण मला त्या खोलीत घालू नका."

आम्ही हसलो. सासूबाई हसल्या, परिचारिकाही हसली. "अगं, साऱ्या जगाच्या बायका बाळंत होतात, तूच काय आगळी?" असे काहीसे आम्ही बोललो. त्यात दुष्टावा नव्हता. धीर देण्याची तीच रीत आम्ही आमच्या गुरुजनांपासून शिकलो होतो. मुलगी पुढे एक शब्दही बोलली नाही. आम्ही समजलो, समजूत पटली.

समजूत पटली नव्हती, केवळ तोंड मिटले होते. पंधरवड्याने तिला कळा सुरू झाल्या, त्या पहाटे. दातांत पदर धरून तिने त्या दिवसभर लपविल्या. कारण कळा सांगितल्या की त्या खोलीत जावे लागणार. दिवेलागणीला पाणमोट फुटली, तेव्हा सासूच्या लक्षात आले. रिक्षा मिळून आमच्याकडे पोहोचेपर्यंत मध्यरात्र झाली. तोवर बाळाचे ठोके मंदावले होते. भूलतज्ज्ञांना झोपेतून उठवून आणले आणि शस्त्रक्रिया केली. बाळ काही मिनिटे रडले नाही, मग रडले. दोघे जगली, ही परमेश्वराची कृपा. परंतु बाळाला कित्येक दिवस काचेच्या पेटीत ठेवावे लागले.

चौथ्या दिवशी फेरीला गेलो असता तिने आमच्याकडे पाहून विचारले, "साहेब, शेवटी फाडलंच की. मग मी मागितलं तवा हसलात का वो?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्याच दुपारी तिच्या आईकडून कळले की तीन वर्षांपूर्वी तिची थोरली बहीण दोन रात्री अडली होती. टेम्पोतून सोलापूरला आणताना वाटेतच ती गेली. आणि तिचे डोके या धाकटीच्या मांडीवर होते. आम्ही तिचे वजन केले होते, रक्त तपासले होते, पोट मोजले होते, "बाई, तुला कशाची भीती वाटते?" एवढा एकच प्रश्न विचारला नव्हता. त्या दिवशी तिला हवी ती शस्त्रक्रिया देऊन टाकावयास हवी होती, असे आमचे म्हणणे नाही. विचारावयास हवे होते, एवढेच म्हणणे आहे.

आता या भयाचे स्वरूप पाहू. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आपल्याकडे म्हणतात. तेव्हा थोडे भय प्रत्येकीला वाटणे स्वाभाविकच आहे. परंतु काही स्त्रियांचे भय याहून निराळ्या जातीचे असते. त्यांना झोप लागत नाही. प्रसूतीचे नाव निघताच छाती धडधडते. कित्येक जणी या भयापायी गर्भधारणाच टाळतात. इंग्लंडमधील हॉफबर्ग व ब्रॉकिंग्टन या मानसोपचारतज्ज्ञांनी २००० साली या विकाराचे सविस्तर वर्णन करून त्याला 'टोकोफोबिया' हे नाव दिले; ग्रीक भाषेत 'टोकोस' म्हणजे प्रसूती. त्यांनी त्याचे मुख्य प्रकार सांगितले. एकीला पहिल्या बाळंतपणापूर्वीच, कधी तर कुमारवयापासून, हे भय असते. दुसरीला मागील एखाद्या कष्टी प्रसूतीनंतर ते जडते. याखेरीज मनाच्या खिन्नतेतूनही ते उद्भवू शकते. म्हणजे जिला आपण भित्री, लाडावलेली म्हणून मोडीत काढतो, ती कदाचित उपचार करण्याजोग्या दुखण्याने पीडित असते.

भयाचा परिणाम मनापुरताच राहत नाही. ग्रँटली डिक-रीड या इंग्रज वैद्याने १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, भयाने शरीर ताठरते, ताठरल्याने वेदना वाढते आणि वेदनेने पुन्हा भय वाढते. वेदना सर्वस्वी भयातूनच जन्मते, अशा अर्थाची त्याची काही विधाने आज कोणी जशीच्या तशी मान्य करणार नाही. परंतु भय आणि वेदना एकमेकींना पोसतात, ही गोष्ट प्रत्येक अनुभवी सुईणीला ठाऊक होती व आहे.

आपल्या मराठी मुलखात ही जाणीव फार जुनी आहे. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे मूल अवघ्या दहा दिवसांचे होऊन गेले, तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. पुढे अमेरिकेस जाण्यापूर्वी १८८३ साली श्रीरामपूर (बंगाल) येथील सभेत त्यांनी आपले प्रयोजन सांगितले, त्याचा आशय असा की, या देशातील स्त्रिया आपले दुखणे पुरुष वैद्यापाशी मोकळेपणाने बोलू शकत नाहीत, म्हणून स्त्री-वैद्य हव्यात. १८८६ साली त्यांनी पदवी घेतली, ती प्राचीन आर्यांच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून. आज सोलापुरात स्त्री-वैद्यांना तोटा नाही. परंतु 'मोकळेपणाने बोलता येणे' ही जी आनंदीबाईंची मूळ मागणी, ती पुरी झाली काय? आमचे उत्तर आहे: अद्याप नाही.

या याचनेपुढे आम्ही वैद्य सामान्यतः दोन चुका करतो. पहिली उपहासाची, तिची कथा वर आलीच. दुसरी चूक दिसावयास गोड आहे, ती तत्परतेची. गर्भिणीने 'भीती वाटते' म्हणताच वैद्य वही उघडून तारीख देतो. रात्रीचे जागरण नको, आठ-दहा तास कळांपाशी थांबणे नको, उद्या काही बिघडले तर नातेवाइकांचा रोष नको. शिवाय बिलही मोठे. पहिला वैद्य भयाला हसला, दुसऱ्याने भयाचा व्यापार केला; परंतु भय कशाचे, हे दोघांनीही विचारले नाही. मागावर धागा अडला म्हणजे जाणता विणकर तो हिसडत नाही, की कात्री घेऊन लगेच कापीतही नाही. गाठ कोठे बसली आहे, ते प्रथम पाहतो. हे ज्ञान आपल्या समाजाला पिढ्यान्पिढ्या आहे. आम्हां वैद्यांना मात्र ते पुन्हा शिकावे लागते.

कोणी म्हणेल, शस्त्रक्रियेला तुमचा एवढा आक्षेप का? आक्षेप मुळीच नाही. सिझेरियन ही मानवजातीला लाभलेली थोर देणगी आहे. ज्यूलियस सीझर पोट फाडून जन्मला म्हणून हे नाव पडले, ही दंतकथा आहे; कारण त्या काळी या शस्त्रक्रियेतून माता वाचत नसे आणि सीझरची माता ऑरेलिया तर पुढे पुष्कळ वर्षे हयात होती. १८८२ साली जर्मनीत माक्स झेंगर यांनी गर्भाशयाला व्यवस्थित टाके घालण्याची पद्धत सांगितली, तेव्हापासून या शस्त्रक्रियेत माता वाचू लागल्या. पुढे निर्जंतुकता, रक्त, प्रतिजैविके व सुरक्षित भूल यांची जोड मिळून ती आजच्या निर्धोक स्थितीला आली. त्या थोरल्या बहिणीला ही शस्त्रक्रिया वेळेवर मिळाली असती, तर ती बहुधा आज आपल्यांत असती. अडलेल्या बाईला शस्त्रक्रिया न मिळणे हे पाप आहे. परंतु न अडलेल्या बाईवर ती विचार न करता करणे, हाही दोषच आहे.

आकडे पाहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतात शंभर प्रसूतींमागे २१.५ शस्त्रक्रियेने झाल्याचे आढळले. सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४.३, तर खासगी रुग्णालयांत ४७.४. महाराष्ट्रात ते २०१५-१६ मधील २०.१ वरून २५.४ वर गेले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली असे निवेदन केले की, लोकसंख्येच्या मानाने हे प्रमाण शेकडा दहाच्या वर गेल्याने माता व नवजात यांच्या मृत्यूत आणखी घट होताना दिसत नाही. तथापि अमुक टक्केवारी गाठण्याच्या नादी न लागता जिला गरज आहे तिला शस्त्रक्रिया मिळावी, हेही त्याच निवेदनात आहे. सरकारी आणि खासगी यांत तिपटीहून अधिक अंतर पडते, ते केवळ स्त्रियांच्या शरीररचनेमुळे पडते असे कोण म्हणेल? या वाढीचे सारे खापर स्त्रियांच्या भयावर फोडणे अन्यायाचे आहे. भय हे त्यातील एक कारण. आणि तेही पुष्कळदा आम्हीच पेरलेले.

शस्त्रक्रियेचे भवितव्यही गर्भिणीला सांगितले पाहिजे. पहिली शस्त्रक्रिया बहुधा सुखरूप पार पडते. तिचा हिशेब पुढील गरोदरपणात होतो. गर्भाशयावर व्रण असला म्हणजे पुढच्या खेपेस वार खाली, त्या व्रणावर बसण्याचा आणि तेथेच खोल रुजण्याचा धोका वाढतो. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात (२००६) असे आढळले की, वार खाली बसलेल्या स्त्रियांपैकी ती खोल रुजल्याचे प्रमाण पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळी शेकडा ३, दुसऱ्या वेळी ११ आणि तिसऱ्या वेळी ४० होते. अशी वार सुटत नाही. रक्तस्राव अनावर होतो आणि पुष्कळदा गर्भाशयच काढावे लागते. एका अपत्यावर थांबणारीला या धोक्याचे मोल निराळे आणि तीन अपत्ये इच्छिणारीला निराळे. म्हणून 'किती मुले हवीत' हा प्रश्न येथे अगत्याचा आहे. शिवाय ३९ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी विनाकारण शस्त्रक्रिया केल्यास बाळाला श्वासाचा त्रास होण्याचा संभव वाढतो. उलट, नैसर्गिक प्रसूती सर्वथा निर्धोक असते असेही नाही. तिच्यातही टाके, फाटणे, क्वचित पुढे मूत्राशयाचा त्रास हे संभवतात. दोन्ही पारड्यांतील वजने गर्भिणीपुढे प्रामाणिकपणे ठेवावीत. २००८ साली समीरा कोहली यांच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व सांगितले की, रुग्णाची संमती ही पुरेशी माहिती मिळून दिलेली, खरी संमती असली पाहिजे.

अन्य देशांनी या प्रश्नाचा विचार कसा केला, तेही पाहणे उपयुक्त आहे. प्रसूतिशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने विसाव्या शतकाच्या अखेरीस असे मत दिले होते की, वैद्यकीय कारणावाचून शस्त्रक्रिया करणे नीतीला धरून नाही. परंतु पुढे विचार बदलत गेला. इंग्लंडच्या 'नाइस' या संस्थेने २०११ साली मार्गदर्शन केले ते असे: भयामुळे शस्त्रक्रिया मागणाऱ्या स्त्रीला प्रथम कारण विचारावे, प्रसूतिकाळातील मानसिक आरोग्य जाणणाऱ्या व्यक्तीचे साहाय्य द्यावे, आणि एवढे करूनही तिला नैसर्गिक प्रसूती मान्य नसेल, तर शस्त्रक्रिया द्यावी, जो वैद्य ती करू इच्छीत नसेल, त्याने तिला दुसऱ्याकडे पाठवावे. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेचे सांगणे असे की, कारण नसताना नैसर्गिक प्रसूतीचीच शिफारस करावी. वेदनाशमनाची सोय नाही, एवढ्यासाठी कोणी शस्त्रक्रिया मागू नये. आणि ती ३९ आठवड्यांपूर्वी करू नये.

स्वीडनमध्ये भ्यालेल्या गर्भिणींसाठी 'ऑरोरा' या नावाची स्वतंत्र केंद्रे चालतात. तेथे अनुभवी सुईणी त्यांच्याशी बोलतात. फिनलंडमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्या स्त्रियांनी आरंभी शस्त्रक्रिया मागितली होती, त्यांपैकी शेकडा ६२ जणींनी अखेर स्वखुशीने नैसर्गिक प्रसूती पत्करली. विशेष हे की, ज्यांच्याशी विस्ताराने मानसोपचाराची बोलणी झाली त्या गटात, आणि ज्यांना नेहमीचा वैद्यकीय सल्ला व माहिती मिळाली त्या गटात, हे प्रमाण सारखेच होते. म्हणजे थोडकी, पण प्रामाणिक विचारपूसही वाया जात नाही. त्याचप्रमाणे, कळांच्या वेळी जिच्यापाशी सतत कोणी धीर देणारे असते, तिला शस्त्रक्रिया लागण्याचा संभव कमी होतो, हे अनेक देशांतील अभ्यासांतून सिद्ध झाले आहे.

त्या मुलीच्या प्रश्नानंतर आम्ही आमची रीत बदलली. अशी याचना आली की आम्ही प्रथम सोबतच्या मंडळींस बाहेर बसावयास सांगतो. कारण सासूपुढे सून आणि नवऱ्यापुढे बायको खरे बोलेलच असे नाही. मग विचारतो, "कशाची भीती वाटते?" आणि गप्प बसतो. हे गप्प बसणे वैद्याला सर्वांत कठीण जाते. जे निघते ते दर वेळी निराळे असते. कोणाला वेदनेचे भय, कोणाला मृत्यूचे, कोणाला बाळ गुदमरण्याचे. कोणाला परक्या माणसांपुढे उघडे पडण्याचे. भयाचे नाव कळले म्हणजे उपाय निराळा निघतो. वेदनेचे भय असेल तर वेदनाशमनाची माहिती द्यावी. मृत्यूचे असेल तर रक्त, वाहन आणि मोठ्या रुग्णालयाची तजवीज आधी दाखवावी.

एका शिक्षिकाबाईंची गोष्ट सांगतो. दुसरे बाळंतपण होते. पहिले अन्यत्र एका रुग्णालयात झाले होते. ते नैसर्गिक आणि वैद्यकीयदृष्ट्या निर्दोष होते. तरी बाई शस्त्रक्रियाच मागत होत्या. तिसऱ्या भेटीत त्यांनी सांगितले की, त्या वेळी ओरडल्याबद्दल त्यांच्या मांडीवर चापट मारली गेली होती आणि असभ्य बोलणी ऐकावी लागली होती. "दुखणं मी सोसलं असतं हो, ते बोलणं नाही सोसलं," असे त्या म्हणाल्या. त्यांना शस्त्रक्रिया नको होती, मान हवा होता. आम्ही त्यांना प्रसूतीची खोली आधीच दाखविली, परिचारिकेशी ओळख करून दिली, त्यांची जाऊ शेवटपर्यंत शेजारी राहील असे ठरविले. आणि कळा चालू असताना पुन्हा शस्त्रक्रियेची इच्छा झाली तर हसणार नाही, असे वचन दिले. त्या नैसर्गिक रीतीने बाळंत झाल्या.

परंतु दर वेळी शेवट असाच होतो, असे आम्ही सांगणार नाही. दुसऱ्या एका बाईंशी तीनदा बोललो, मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठविले, सर्व धोके लिहून दिले. तरी त्या आपल्या मागणीवर ठाम राहिल्या. त्यांना अपत्य एकच हवे होते. आम्ही ३९ आठवडे पूर्ण झाल्यावर त्यांची शस्त्रक्रिया केली, आणि दवाखान्यात कोणी कुत्सित शब्द काढू नये अशी ताकीद दिली. काही समव्यवसायी बंधूंनी आम्हांस दोष दिला. त्यांचे म्हणणे असे की, वैद्याने रुग्णाच्या भयापुढे मान तुकवू नये. आमचे म्हणणे असे की, भय जाणून घेऊन, सर्व सांगून, वाट पाहूनही ते उरले, तर त्या स्त्रीला आठ-दहा तास त्या भयाच्या हवाली करणे हाही एक इजा करण्याचाच प्रकार आहे. मान तुकविणे आणि ऐकून घेणे यांत अंतर आहे.

एका मागणीला मात्र आम्ही स्पष्ट नकार देतो. ती म्हणजे दुसऱ्याने केलेली. एकदा एक सासरे पंचांगातील शुभ वेळ चिठ्ठीवर लिहून घेऊन आले. त्या दिवशी सदतीस आठवडे पुरे होत होते. सुनेला विचारले तर ती म्हणाली, "मामंजी म्हणतील तसं." आम्ही चिठ्ठी परत केली. जी भ्यायलेली नाही तिचे पोट इतरांच्या हौसेसाठी उघडणे, हे वैद्याचे काम नव्हे. बाळ ज्या घटकेला सुखरूप येईल, तीच घटका शुभ.

आता आम्हां वैद्यांच्या अडचणीही ऐकाव्यात. बाहेर चाळीस रुग्ण बसलेले असता एकीला अर्धा तास देणे सोपे नाही. कळांची वेदना थांबविणारी पाठीतील भूल मोठ्या शहरांतही सर्वत्र मिळत नाही. खेड्यात तर नाहीच. सरकारी प्रसूतिगृहात एकेका परिचारिकेवर अनेक खाटांचा भार असतो आणि थकलेल्या जिभेवर कठोर शब्द लवकर येतात. त्या शब्दांचे समर्थन आम्ही करीत नाही; कारण सांगतो. या उणिवा ध्यानी घेऊनच केंद्र सरकारने २०१७ साली 'लक्ष्य' नावाची योजना प्रसूतिगृहांच्या सुधारणेसाठी काढली. तिच्यात गर्भिणीला सन्मानाने वागविणे हाही एक निकष आहे.

जे काम समाजाने करावयाचे आहे ते आता सांगतो. पहिले असे की, सुनेला वैद्याशी एकटीने बोलू द्या. दुसरे, डोहाळजेवणाच्या पंगतीत, ओटी भरताना, अमकी कशी अडली आणि तमकी कशी गेली या कथा पहिलटकरणीपुढे सांगू नका. सांगणारीचा वेळ जातो, ऐकणारीची झोप जाते. तिसरे, प्रसूतीच्या वेळी सोबत राहण्यासाठी घरातील एका स्त्रीला आधीच नेमा. २०१६ साली केंद्र सरकारने सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी स्त्री-सोबतिणीला परवानगी देण्याचे मार्गदर्शन काढले आहे. ते पुष्कळांना ठाऊक नाही, म्हणून नम्रपणे परंतु ठामपणे तिची मागणी करा. ज्या घरी कोणी स्त्री नाही, त्यांच्यासाठी आपल्या महिला शाखेने सोबतीला जाणाऱ्या भगिनींची एक यादी करावी. या भागात मराठीइतकीच कानडी बोलली जाते. कळांच्या वेळी मनुष्य मातृभाषेतच रडतो, म्हणून कानडी जाणणाऱ्या भगिनी त्या यादीत अवश्य असाव्यात.

चौथे, पैशाच्या धाकाने उशीर करू नका. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात प्रसूती, शस्त्रक्रियेसह, विनामूल्य आहे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते. वळसंगहून सोलापूर दूर नाही. जे अंतर आपल्याला नडते, ते घरातून निघण्याचा निर्णय होईपर्यंतचे. आणि पाचवे, वैद्याने शस्त्रक्रिया सांगितली तर तिचे कारण विचारा, व न सांगितली तर तिचेही कारण विचारा. जो विचारल्याने रागावतो, त्याच्यापेक्षा जो समजावून सांगतो तो वैद्य निवडा. मग तो आपल्या समाजाचा असो वा नसो.

बंधुभगिनींनो, ते काचेच्या पेटीतील मूल आज मोठे झाले आहे, असे ऐकतो. त्याच्या आईने विचारलेला प्रश्न मात्र आमच्या उशाशी आहे. तिला उत्तर द्यावयाचे राहिले, म्हणून आज तिच्याच मुलखात, तिच्याच माणसांपुढे ते देत आहोत: बाई, आम्ही हसलो, कारण तुझे भय ऐकावयास लागणारी दहा मिनिटे आम्हांला जड झाली. ती आमची चूक होती. पुढच्या मुलीच्या बाबतीत ती कोणाच्याही हातून न घडो, यासाठीच हा सारा खटाटोप.